आतला आवाज

बाळापूरजवळच्या डाळमिलमध्ये फौजदार शालूताईंनी गोदामाचं कुलूप फोडलं आणि आत कोंडून राबवलेली चार पोरं बाहेर काढली. मालक नत्थुजीला पोलिसांच्या गाडीत बसवलं, तसा तो घामाघूम होऊन रडायला लागला.

"मॅडम, दार नका लावू. कोंडल्या जागी माहा जीव घाबरते."

शालूताईंचा हात थबकला. तेवढ्यात सुटलेल्या पोरांमधली नऊ वर्षांची पिंकी पुढं झाली. दोन्ही हातांनी ढकलून तिनं दार लावलं आणि जाळीशी तोंड नेऊन म्हणाली,

"रडा, मालक. आमी रडलो की तुमीच सांगत होते ना, आतला आवाज बाहेर कोणाले ऐकू येत नाही म्हणून?"

बाहेर उभ्या सगळ्यांना त्याचं रडणं स्वच्छ ऐकू येत होतं. कोणीही हललं नाही.