बाटलीतल्यांचा खाऊ

दुपारच्या शांततेत स्वयंपाकघरात चमचा काचेवर किणकिणला. माझी लेक मुक्ता झोपली म्हणून मी नुकतीच लिहायला बसले होते. जाऊन पाहते तर बाईसाहेब स्टुलावर उभ्या, हातात साखरेचा डबा आणि पुढ्यात माझी बाटली.

बाटलीत खाडीचं पाणी होतं. काठावरच्या आंब्याच्या बागांमधलं कीटकनाशक ओघळत खाडीत येतं आणि तिथले काही सूक्ष्मजीव चक्क ते खातात. सुट्टीत प्रयोगशाळेला कुलूप, म्हणून त्यांना घरी आणून मी तेवढंच खायला देत होते. ते किती फस्त करतात ते बघायचं होतं.

"साखर घातलीस?"

"दोनच चमचे. तू बिचाऱ्यांना नुसतं विष खायला घालतेस."

मी कपाळाला हात लावला. "अगं, गोड मिळाल्यावर आता ते विषाकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. सगळी मेहनत गेली माझी."

"बिस्किट खाल्ल्यावर मी कारलं खात नाही, तसंच?"

"अगदी तसंच."

म्हणजे उद्या ओहोटी बघून पुन्हा खाडीवर जाणं आलं. रागवायचं होतं, पण हसूच आलं. तिनं बाटलीला गाल टेकवला आणि "खा रे, पटापट," असं आत कुजबुजली. मग माझ्याकडे वळली.

"आई, मला कारलं नको असलं की मी तुला सांगते. यांना विष नको असलं, तर हे कुणाला सांगतात?"