फुलचंद नाच्या सुटतो

लुगडं नेसताना फुलचंदचा गुडघा पुन्हा आखडला. दारव्ह्याच्या बाजारात, एका पालाआड, पायात चाळ बांधून तो तोंडाला पावडर लावत होता. शेजारी बबनराव शाहीर डफ तापवत होते.

खेळ त्यांचाच होता. खडी गंमत, म्हणजे डफावरचा उघड्यावरचा तमाशा, कशी बुडाली, त्याची गाण्यांतली टवाळी. शाहीर म्हातारा, बाईचं सोंग घेणारा नाच्या त्याहून म्हातारा, आणि बघायला उरली एक बकरी. दुसऱ्या खेळाला लोक थांबत नसत. याला थांबत, मोबाइल वर धरून हसत.

सोडावं असं फुलचंदला रोज वाटे. पण घरी बायको, विमलताई, बजावायची, "शाहीर एकटा जीव. गंमतीवरच जगून राह्यले. तुमी सोडली तर हा हिवाळा नाई काढायचे." एवढं बोलून ती तोंड फिरवून आत जायची.

त्या दिवशी गिरकी घेताना गुडघा निसटला आणि फुलचंद आपटला. बाजार खदखदला.

"अजून एक डाव पड ना, बुढे!" कोणीतरी ओरडलं.

तो उठला. आणि पुन्हा पडला. दुसरं काय करणार?

खेळ संपल्यावर पालाआड येऊन तो म्हणाला, "शाहीर, आता होत नाई माह्याच्यानं."

बबनराव मटकन खाली बसले. फुलचंदला धडकी भरली.

"पानी देऊ?"

"खरं सांगून राह्यला?"

"खरं."

शाहिरांनी डोळे पुसले. "सुटलो रे बाबा! आवाज कवाचाच गेला माहा. लेक पुण्याले बोलावून राह्यली. तुह्यासाठी थांबलो होतो. गंमत सुटली तर फुलचंद येडा होईन, म्हणे."

"कोन म्हणे?"

"तुही विमल."

दोघं तसेच जीपमध्ये बसले. दिग्रसला उतरून तडक फुलचंदच्या घरी आले. विमलताई अंगणात तुरी पाखडत होती.

"गंमत सोडली आमी," फुलचंद म्हणाला.

तिचं सूप थांबलं नाही. "उद्याचा खेळ ठरला हाये. जिनिंगवाले बोलावून गेले."

"नाच्या नाई म्हणून सांग त्याईले! दोघांलेही इतकी वर्सं अडकवून ठेवलं तू. अंगाचं पानी झालं माह्या. काहून केलं असं?"

विमलताईनं सूप बाजूला ठेवलं. उठली. पदर कमरेला खोचला.

"शाहीर, आवाज गेला तर नुसता डफ वाजवा. गाणी मले समदी पाठ हायेत."

तिनं फुलचंदपुढं हात पसरला.

"तुमाले कोनी नाचू तरी देल्लं," ती म्हणाली. "चाळ आना इकडं."