बरगड्यांची परीक्षा

"पापुद्रा काढलास का?" खालच्या मजल्यावरचे पोस्टमनकाका दारातूनच ओरडले.

"कुठला पापुद्रा?"

"झालं कल्याण!"

काका तरातरा आत आले. बरगड्यांची लांबट पट्टी त्यांनी उलटी केली, हाडांवरची पातळ, चकचकीत चामडी सुरीच्या टोकानं उचलली, फडक्यात धरली आणि एका दमात सर्रकन ओढून काढली. "ही राहिली असती ना, तर बाईंना चप्पल चघळल्यासारखं वाटलं असतं."

लिफ्टवाला घामाघूम झाला होता. शहरातल्या निम्म्या लिफ्ट त्यानं दुरुस्त केल्या होत्या, म्हणून सगळी इमारत त्याला याच नावानं ओळखायची. इमारतीला स्वतःची लिफ्ट नव्हती, हा सगळ्यांचा आवडता विनोद. बाराव्या मजल्यावर लिफ्टच्या पोकळीत लटकून काम करताना ज्याच्या हातून कधी पाना सुटला नाही, त्याच्या हातून आज मिठाची बरणी निसटत होती. एक वाजता ती येणार होती.

ती म्हणजे मांसाच्या दुकानाची मालकीण. अकरा महिन्यांपूर्वी तिच्या दुकानाच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली आणि मशीनच्या खोलीची किल्ली मागायला हा दुकानात शिरला. हातात सुरी, कपाळावरचे केस मनगटानं मागे सारत तिनं विचारलं, "काय देऊ?" याला किल्ली हा शब्दच आठवेना. समोर जे दिसलं त्याकडे बोट दाखवून मोकळा झाला. डुकराच्या बरगड्या, एक किलो.

"करायच्या कशा, माहीत आहे ना?"

यानं नकारार्थी मान हलवली, तेव्हा तिनं मागची रांग थांबवून अख्खी कृती सांगितली.

तेव्हापासून दर शनिवारी एक किलो. हा पुडकं घेऊन जिना चढायचा, तर काका आपल्या दारात हजर. ओव्हन त्यांचा आणि हातही त्यांचाच. पुढच्या शनिवारी ती विचारायची, "कशा झाल्या?" हा सांगायचा, "मऊ. हाडापासून अलगद सुटून आल्या." ती खुदकन हसायची. त्या एका हसण्यावर याचा पुढचा आठवडा निघायचा.

काल मात्र जीभ आपोआप सुटली. "उद्या दुकान बंद असतं ना? या की घरी. तुमच्याच कृतीची परीक्षा घ्या."

तिची सुरी हवेतच थांबली. रांगेतल्या एक आजीबाई वैतागून म्हणाल्या, "अगं, हो म्हणून टाक, मला उशीर होतोय."

"येते," ती म्हणाली.

कालच काकांचा ओव्हन दोघांनी मिळून वर चढवला होता. अट एकच, पापुद्र्यापाशीच मोडलेली. काकांनी तोंड चालवायचं, हात लिफ्टवाल्याचे.

मीठ, मिरी, लाल तिखट आणि गूळसर साखर बरगड्यांना चोळून झाली. फॉइलमध्ये गुंडाळून त्या मंद आचेवर अडीच तास भाजल्या. तोवर टोमॅटो सॉस, व्हिनेगर, मोहरीची पेस्ट आणि मध एकत्र आटवून बरगड्यांवर फासायचं ग्लेझ तयार झालं, चमच्याला चिकटून राहील इतकं दाट. मग फॉइल उघडून ब्रशनं एक हात, पाच मिनिटं कडक आच, परत दुसरा हात, परत तिसरा. बरगड्या तांबूस काळ्या, आरशासारख्या चकाकू लागल्या. कडा बुडबुडे फुटून करपल्यागत झाल्या. वास जिन्यानं थेट तळमजल्यापर्यंत गेला. शेजारीण दोनदा "साखर आहे का" विचारून गेली.

"काका, कडेचा तुकडा चाखा."

"तू चाख की!"

"माझ्या तोंडाला आज कुठली चव!"

काकांनी तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले. "लेका, जिंकलास!"

लिफ्टवाल्यानं हवेत मूठ उंचावली. आता फळांचा साल्सा. आंबा आणि अननस बारीक चिरून त्यात कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, वर लिंबू. तो त्यानं तीनदा चाखला, तीनदा लिंबू वाढवलं.

एकच्या ठोक्याला घंटी वाजली. काका मांजराच्या पावलांनी सटकले.

ॲप्रनशिवाय तिला त्यानं पहिल्यांदाच पाहिलं. निळा कुर्ता, केस मोकळे. तीही अवघडली होती. "वास खालपर्यंत येतोय," एवढंच बोलून ती बसली.

त्यानं बरगड्यांचं ताट मध्ये ठेवलं. तिनं साल्सा वाढून घेतला. संपवला. पुन्हा घेतला. बरगड्यांना हात लावेना.

त्यानं ताट तिच्याकडे आणखी सरकवलं. "करपल्या का?"

"नाही हो. रंग अगदी बाबांच्या हातच्या बरगड्यांसारखा आलाय." तिनं चमचा खाली ठेवला. "कालच सांगायला हवं होतं. पण तुमचा उत्साह बघून धीर झाला नाही. मी मांस खात नाही. लहानपणापासूनच. दुकान बाबांचं, कृतीही बाबांची. गिऱ्हाइकांना सांगून सांगून पाठ झालीय. चव कशी असते, मला आजतागायत माहीत नाही."

त्यानं बरगड्यांचं ताट परत स्वतःकडे ओढलं.

"रागावलात?" तिचा आवाज बारीक झाला. "आले ते बरगड्यांसाठी नाही, एवढं तरी ओळखा. आणि माझ्यापायी तुम्ही कशाला थांबता? गरम आहेत तोवर खाऊन घ्या." तिनं सर्वांत मोठी बरगडी स्वतःच्या हातानं उचलून त्याच्या ताटलीत वाढली.

लिफ्टवाल्यानं बरगडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ताटली हळूच बाजूला सरकवून त्यानं साल्साचं भांडं पुढे ओढलं.

"अकरा महिने तुमच्या बरगड्या खालच्या मजल्यावरचे काका खातायत," तो म्हणाला. "मी जन्मात कधी मांसाला तोंड लावलेलं नाही."