बधिर गुडघा

बधिर करणारं इंजेक्शन. खो-खोचा चषक. डोळ्यांवर बांधलेला रुमाल.

तोल तपासण्यासाठी रुमाल बांधून दुखावलेल्या एका पायावर उभी राहताच कस्तुरी तिच्या प्रशिक्षकांच्या, बिरनाळे सरांच्या अंगावर कोसळली.

"आंधळी कोशिंबीरही गेली, सर," ती हसली.

"गुडघा कुठे झुकतोय ते लिगामेंटमधली मज्जातंतूंची टोकं स्नायूंना कळवत असतात," फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या. "त्या इंजेक्शनने तीच गप्प झाली, म्हणून सामन्यात पाय मुरगळताना कुणी सावरलं नाही आणि लिगामेंटच फाटलं. इतकं दुखत असताना हिला खेळवलं कुणी?"

"मीच हट्ट धरला होता," कस्तुरी सरांकडे न बघता म्हणाली.

'मी' म्हणायला सरांनी तोंड उघडलं. मग नुसतीच त्या रुमालाची घडी घातली.

अंतिम सामन्याच्या दिवशी तीन राखीव मुली बाकावर बसून होत्या.