बंद वेळ शून्य

कुरकुंभच्या एका कारखान्यात ॲसिडच्या लायनीवरचा व्हॉल्व्ह गळत होता, आणि नव्या व्हॉल्व्हचा अर्ज आठ महिने मुंबईच्या हेडऑफिसात धूळ खात पडला होता. तोवर फिटर भिमाजी पाळीवर आले, की सायकलच्या ट्यूबची पट्टी गळतीवर आवळून बांधायचे. थेंब उडून उडून मनगटं चट्ट्यांनी भरली होती. तरी पाळी संपताना ते वहीत वळणदार अक्षरात लिहायचे, 'बंद वेळ शून्य', आणि खाली सही ठोकायचे.

"मामा, एक दिवस पडू द्या की प्लांट बंद," स्टोअरचा सत्यजीत म्हणायचा. "मग बघा, व्हॉल्व्ह कसा पळत येतोय."

"आन् कंत्राटातल्या बायांचा रोज बुडला म्हंजी?" भिमाजी म्हणायचे. "माझ्या पाळीत आजवर काय बंद पडल्यालं न्हाई."

सोमवारी हेडऑफिसचा फॅक्स आला. 'आठ महिन्यांत प्लांट एक मिनिटही थांबलेला नाही. सबब नव्या व्हॉल्व्हची गरज दिसत नाही. अर्ज नामंजूर.'



सोबत पुराव्यादाखल पाळीच्या वहीची पानं जोडली होती. प्रत्येक पानावर भिमाजींची सही.