खोलीत बोललेलं सगळं

"काय म्हणाली ती?" मॅनेजरनं विचारलं.

मैनाच्या तोंडचं पाणी पळालं. टेबलाच्या एका अंगाला हॉस्पिटलच्या लाँड्रीचा मॅनेजर, दुसऱ्या अंगाला कोपरापर्यंत बँडेज बांधलेली इस्त्रीवाली मावशी, समोर अपघाताच्या चौकशीला आलेले साहेब. साहेबांची आणि मॅनेजरची भाषा एक, मावशीची दुसरी, आणि मधल्या खुर्चीत मैना. भाषांच्या पदवीचं शेवटचं वर्ष, शेवटची परीक्षा: खऱ्याखुऱ्या चौकशीत दुभाष्याचं काम. कोपऱ्यात परीक्षक बाई मांडीवर गुणांचा तक्ता घेऊन बसल्या होत्या. बाईंना दोन्ही भाषा येत होत्या. मावशी काय म्हणाली ते त्यांनी ऐकलंच होतं. आता मैना काय म्हणते ते ऐकायचं होतं.

साहेबांचा प्रश्न साधाच होता: इस्त्रीच्या यंत्रात हात जाऊ नये म्हणून असलेली जाळी दोरीनं वर कुणी बांधली? मावशी मैनाकडे झुकली आणि घरच्या पोरीला सांगावं तसं हळूच म्हणाली, "मीच बांधली होती गं. पण त्यांना नको सांगूस हां. भरपाई तर जाईलच, वर कामावरूनही काढतील."

गेल्या वर्षी मैना याच परीक्षेत आपटली होती. एका म्हाताऱ्याचं म्हणणं सांगताना तिला त्याची दया आली आणि तिनं पदरचं एक 'कृपा करून' घातलं. "पदरचं घालायचं नाही, त्यांचं गाळायचं नाही," बाई तेव्हा म्हणाल्या होत्या. "एवढं जमत नसेल तर दुसरं काही बघ." यंदा गेली तर संपलंच; तिसरी संधी विद्यापीठ देत नव्हतं. आणि घरी वडिलांनी पदवीची चौकट टांगायला भिंतीत खिळासुद्धा ठोकून ठेवला होता.

तेव्हा काय, सांगून मोकळं व्हायचं. तिनं तोंड उघडलं आणि तशीच थांबली. 'नको सांगूस' असं मावशी म्हणालीच कशी?

कारण सुरुवातीचं वाक्य! दुभाष्यानं खोलीत शिरल्या शिरल्या दोन्ही भाषांत सांगायचं असतं: या खोलीत जे बोललं जाईल ते सगळं मी दोन्ही बाजूंना सांगणार आहे. मैना ते सकाळपासून घोकत होती. आंघोळ करताना, बसमध्ये, जिना चढताना. इतकं घोकलं, की खोलीत आल्यावर ते म्हणून झालंय असंच तिला वाटलं. बाई दोन मिनिटं उशिरा आल्या, "सुरुवातीचं झालं ना?" म्हणाल्या, आणि हिनं खुशाल मान डोलावली. बाईंनी पहिल्या रकान्यात खूण केली. तो रकाना सक्तीचा. तिथं शून्य पडलं की बाकीचं सगळं पाण्यात.

"अहो, काय म्हणाली?" मॅनेजर खुर्ची पुढे ओढत म्हणाला.

सांगितलं की मैना पास. कुणाला काही कळणारही नव्हतं. मावशी तिच्याकडे बघत होती, अगदी निर्धास्त. मैनाला वाटलं, हिनं असं बघायला नको होतं.

"साहेब, आता दुभाषी स्वतःचं बोलतेय," ती म्हणाली. आवाज चिरकला. "सुरुवातीला जे सांगायला हवं, ते मी सांगितलेलंच नाही. बाईंना हो म्हणाले, ते चुकून. आत्ता सांगते." आणि तिनं ते वाक्य सांगितलं. आधी एका भाषेत, मग दुसऱ्या.

कोपऱ्यात बाईंच्या पेनानं काहीतरी खोडलं.

मावशीचा चेहरा खाडकन उतरला. "अगं बाई! म्हणजे मघाचं पण?"

मैनानं मावशीचा हा प्रश्नही साहेबांना सांगितला. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "नियम कळायच्या आधीचं मी धरत नाही. तिला सांगा. आता नव्यानं विचारतो. बोलायचं की नाही, ते तिनं ठरवावं. जाळी कुणी बांधली?"

मावशीनं आपल्या बँडेजकडे बघितलं. मग मॅनेजरकडे. मग बोलली ती चांगली मोठ्यानं. "मी बांधली. आम्ही सगळ्याच बांधतो. जाळी खाली असली की एका पाळीत चारशे चादरी होत नाहीत. आणि दोरी कुठनं येते तेही विचारा की! दर सोमवारी मुकादम वाटतो. ह्यांच्या डोळ्यांदेखत."

मैनानं एक अक्षर इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. मॅनेजर घटाघटा पाणी प्यायला. साहेब पुष्कळ वेळ लिहीत होते. मंगळवारी मुकादमाला घेऊन या, म्हणाले, दोरीसकट.

उठता उठता मावशीनं धड हातानं मैनाचा दंड धरला. "माझं व्हायचं ते होईल. तुझी परीक्षा होती ना गं आज? पास झालीस का?"

या खोलीत जे बोललं जाईल ते सगळं. मैना वळली आणि मावशीचा प्रश्न जसाच्या तसा दुसऱ्या भाषेत सांगितला. सगळे बाईंकडे बघायला लागले.

बाईंनी तक्ता वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. पहिला सोडून प्रत्येक रकान्यात पुरे गुण होते. मैनाला ते उलटेही वाचता येत होते.

"नाही," बाई म्हणाल्या.

"नाही," मैनानं मावशीला सांगितलं. डोळे भरून आले होते, पण आवाज जागचा हलला नाही.

त्यावर मावशीनं जो तोंडाचा पट्टा सोडला, तो बाईंच्या सात पिढ्यांपर्यंत जाऊन आला. मैनानं तो बाईंना पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला. पदरचं काही घातलं नाही, आणि एक शब्द गाळला नाही.