वगळलेल्या ओळी

पाच वाजेपर्यंत अकीलला दोहोंपैकी एकावर बोट ठेवायचे होते. दोन्ही सॉफ्टवेअरची फुकट वापराची मुदत आज संपत होती, आणि संस्था एकच घेणार होती.

पडद्याच्या डाव्या अर्ध्या भागात पहिले होते. हेल्पलाइनची यंत्रणा चालू आहे की बंद, किती फोन आले, किती वेळात उचलले गेले, यावर ते पहारा ठेवी आणि सगळे ठीक असले की एक हिरवा ठिपका दाखवी. सकाळपासून तो हिरवाच होता. उजवीकडचे दुसरे, यंत्रणेने लिहून ठेवलेली प्रत्येक नोंद गोळा करी, चाळी, हवी ती शोधून देई. तिथे ठिपका नव्हता. नुसत्या राखाडी ओळी, एकीखाली एक, धुळीसारख्या साचत जाणाऱ्या.

हेल्पलाइन फवारणीची होती. बीटी कपाशीतही बोंडअळी शिरल्यापासून फवारे वाढले होते, औषधे जहाल झाली होती. फवारताना कुणाला भोवळ आली, उलट्या सुटल्या, तर काय करावे ते नांदुऱ्यातल्या या दोन खोल्यांमधून सांगितले जाई.

खुर्चीमागे भगवंतराव उभे होते. कृषी खात्यातून निवृत्त होऊन संस्थेचे अध्यक्ष झालेले. पुण्याहून पाहुणे येणार, त्यांना भिंतीवर हिरवे काहीतरी दिसले पाहिजे, हे ते जेवणानंतर तिसऱ्यांदा सांगत होते.

“डॉक्टर नाडी पाह्यते, बापू,” ते म्हणाले. “पेशंट दिवसभर काय बडबडला ते लिहून नाही ठेवत. डावं घेऊन टाक.”

अकीललाही ते पटले होते. मात्र एखादी वस्तू परत करण्यापूर्वी माणूस ती एकदा हातात धरून पाहतो, तसा त्याने उजवीकडच्या चौकटीत एक शब्द लिहिला : वगळला.

ओळी सरकल्या आणि थांबल्या. एकच नंबर, अकरा वेळा. पहिला फोन अकरा चाळीसचा. दुसरा त्यानंतर अर्ध्या तासाने. मग अंतर वीस मिनिटांवर आले, मग दहावर, चारवर. शेवटचे तीन एकाच मिनिटातले, दोन वाजून पाच. प्रत्येक ओळीच्या टोकाला तेच : दोन सेकंद, वगळला.

आता तीन वाजत होते.

यंत्रणा तोच सांभाळी; वगळण्याचा तो नियमही त्याचाच होता. पाच सेकंदांच्या आत कापलेला फोन चुकून लागलेला समजावा, मोजू नये. पेरणीच्या दिवसांत त्याने तो लिहिला होता, आणि आकडे कसे स्वच्छ दिसू लागले म्हणून मनातल्या मनात सुखावला होता.

शेजारच्या टेबलावर कोकिळाताई गावांची यादी करत होत्या. फोनची ही यंत्रणा येण्याआधी तीन वर्षे फोन त्याच घेत. असे फोन पूर्वीही येत का, असे अकीलने त्यांना हलक्या आवाजात विचारले. त्यांनी चष्म्यावरून पाहिले.

“असेच येत. लोकं एक रिंग देतात अन् कापतात. मंग आपण लावाचा असते.”

“मले सांगतलं काऊन नाही, ताई?”

“तू इचारलं काऊन नाही? मले वाटलं, मशीन लावत असंन.”

अकीलची मान खाली गेली. धाड गावाहून त्याची अम्मी रोज तशीच एक रिंग देऊन फोन कापी, आणि तो रोज न चुकता उलट लावी. नियम लिहिताना ती त्याला आठवली नव्हती.

त्याने पडदा कोकिळाताईंकडे वळवला. त्यांनी वही ओढली आणि नंबर उतरवू लागल्या. अकरा ओळींच्या खाली दुसरे नंबर होते. त्यांच्या खाली आणखी. भगवंतराव वाकले, वाचत राहिले. पाहुण्यांचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही.

अकीलने पहिला नंबर लावला. टेबलावर सूचनांचा कागद चिकटवलेला होता. तो त्याला पाठ होता, तरी त्याने पहिल्या ओळीवर बोट ठेवले.

एका बाईने फोन उचलला. तिच्यामागे पुष्कळ माणसांचा आवाज होता, आणि त्या आवाजात कुणाचे तरी रडणे. त्याने हेल्पलाइनचे नाव सांगितले. तिने आपले सांगितले, तानाबाई. जळगाव जामोदकडच्या एका खेड्याचे नाव घेतले. तिचे मालक सकाळी फवारत होते, पंप पाठीवर गळला, सदरा भिजला. गाडी मिळेस्तोवर अंगावर पाणी घालावे की नाही, एवढेच तिला विचारायचे होते. कुणी म्हणत होते घाला, कुणी म्हणत होते पाण्याने विष आत जिरते.

“घाला, ताई. सदरा काढा, साबण लावून—”

“आता इचाराचं काही नाही राह्यलं, भाऊ.”

तिच्या स्वरात राग नव्हता. अकील रागाचीच वाट पाहत होता. तुम्ही अकरा वेळा फोन केला होता, एवढेच कसेबसे त्याच्या तोंडून निघाले.

“हाव. म्या म्हटलं, गर्दी असंन तुमच्याकडे. आज सारेच फवारून राह्यले.”

कागदावरचे बोट तिथेच राहिले. पलीकडे ती त्याच्या बोलण्याची अदबीने वाट पाहत थांबली.

“ठेवू का, भाऊ?” मग ती म्हणाली. “तुमचं बिल चढून राह्यलं असंन.”